फाइल वाचायची आहे की चालवायची? कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या मॅक्रोंविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कर सल्लागाराचं छोटं ऑफिस, ५ कॉम्प्युटर, ४ माणसं. रिटर्न भरायच्या सरकारी एक्सेल फाइलीला, म्हणजे युटिलिटीला, मॅक्रो (फाइलीच्या आतले छोटे प्रोग्राम) चालू करावेच लागतात, म्हणून आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने सगळ्या मशीनवर 'सगळे मॅक्रो चालू' असं कायमचं करून ठेवलं. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका ऑफिसातल्या सगळ्या फाइली लॉक झाल्या आणि तेव्हापासून तुम्हाला धास्ती लागली आहे. मॅक्रो बंद केले तर काम अडतं, चालू ठेवले तर झोप लागत नाही. वर अँटिव्हायरस विकत घेतलेला आहे, मग तो पुरेसा नाही का?

मी गेली १८ वर्षं सांगली-कोल्हापूर भागात कर सल्लागार, सीए आणि दोन-तीन पतसंस्था यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. तुमच्यासारखा पेच माझ्या जवळजवळ प्रत्येक ऑफिसात आहे. 'मॅक्रो धोक्याचे, बंद करा' एवढं सांगून तुमचं काम भागणार नाही, कारण शेवटच्या तारखेच्या आठवड्यात कुणीतरी ते परत चालू करणारच, आणि मग ते तसेच राहणार. म्हणून चालू की बंद, हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो. कुठल्या फाइलला चालायची परवानगी द्यायची, कुठल्या मशीनवर द्यायची आणि ती कुणी द्यायची, हे ठरवावं लागेल. आज तुमच्याकडे ही परवानगी प्रत्येक फाइलला, पाचही मशीनवर, कुणालाही न विचारता मिळते आहे.

मॅक्रो म्हणजे फाइलच्या पोटात ठेवलेला प्रोग्राम. जीएसटीच्या वार्षिक रिटर्नच्या ऑफलाइन युटिलिटीत तुम्ही बटण दाबता, ती रकाने तपासते, चुका दाखवते आणि शेवटी पोर्टलवर चढवायची फाइल तयार करून देते. ते सगळं मॅक्रोच करतात. पण याच मॅक्रोला एक्सेलच्या बाहेरही हात घालता येतो. तो पॉवरशेल, म्हणजे विंडोजला हुकूम द्यायचं साधन, चालवू शकतो, नेटवरून दुसरा प्रोग्राम उतरवून घेऊ शकतो, शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइली बदलू शकतो. फाइल उघडली की कुणी बटण दाबायची वाट न बघता आपोआप सुरू व्हायची सोय त्यात आहे. मशीनवर बसलेल्या माणसाला जे जे करता येतं, ते सगळं त्या मॅक्रोला त्याच्या नावाने करता येतं.

ही युक्ती नवी नाही. वर्डमध्ये पसरणारा 'कॉन्सेप्ट' हा मॅक्रो व्हायरस १९९५ चा. २६ मार्च १९९९ ला 'मेलिसा' सुटला. तो उघडणाऱ्याच्या आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला ती फाइल ओळखीच्याच नावाने यायची. 'ईमोटेट' नावाच्या घातक प्रोग्रामने पुढे याहून वाईट केलं: चोरलेल्या मेलबॉक्समधल्या खऱ्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून फाइल पाठवली. खाली तुमचंच मागच्या आठवड्याचं पत्र दिसतंय, वर 'सोबत बिल जोडलं आहे' एवढंच. हे सांगायचं कारण असं, की 'अनोळखी माणसाची फाइल उघडू नका' हा सल्ला तुमच्या स्टाफला दिलात तरी तो अपुरा पडेल. फाइल ओळखीच्या माणसाकडूनच येते.

आता एक प्रसंग सांगतो, कारण माझी सगळी मांडणी त्यातून आली आहे. काही वर्षांपूर्वी एका ऑफिसातून शनिवारी दुपारी मेल उघडली गेली. विषय थकीत बिलाचा, सोबत झिप फाइल, तिला पासवर्ड, आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. तो पासवर्ड कशासाठी असतो, तर अँटिव्हायरसला झिपच्या आत बघता येऊ नये म्हणून. आतल्या एक्सेल फाइलमध्ये आकडे नव्हतेच. एक धूसर चित्र, त्यावर मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं चिन्ह आणि इंग्रजीत सूचना: ही फाइल जुन्या आवृत्तीत केली आहे, मजकूर दिसण्यासाठी आधी 'एनेबल एडिटिंग' आणि मग 'एनेबल कंटेंट' दाबा. मेल बघणाऱ्या मुलीने दोन्ही दाबलं. काहीच झालं नाही, चित्र तसंच राहिलं. तिला वाटलं फाइल खराब आहे. तिने ती शेजारच्या मशीनवर पाठवली, "तुझ्याकडे उघडते का बघ रे." त्यानेही दाबलं.

सोमवारी सकाळी टॅलीच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं होतं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असायची, त्यामुळे तीही त्यात गेली. साहेबांच्या घरी कपाटात एक जुनी डिस्क निघाली, २३ दिवसांपूर्वीची. तिच्यावरून उभं केलं आणि मधल्या २३ दिवसांच्या नोंदी सगळ्यांनी रात्री बसून पुन्हा केल्या.

ती मुलगी रडत होती. मी तिला तेव्हाही सांगितलं आणि आजही मला तसंच वाटतं, की चूक तिची नव्हती. युटिलिटी उघडताना रोज जे करायला आपणच तिला शिकवलं होतं, तेच तिने केलं. मॅक्रो चालू करायचे का विचारणारी पिवळी पट्टी आली की दाबायचं. वर्षातून शंभर वेळा ते दाबणं बरोबर होतं, एकदा चूक होतं, आणि त्या एकदाला पट्टी दिसायला अगदी तशीच होती.

तेव्हापासून मी प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न शिकवतो: ही फाइल वाचायची आहे की चालवायची? पार्टीने, म्हणजे तुमच्या ग्राहकाने, पाठवलेलं बिल, विक्रीची यादी, बँकेचं स्टेटमेंट, पगारपत्रक हे सगळं वाचायचं. त्यात मॅक्रोचं काही काम नाही. सरकारी युटिलिटी चालवायची. तुमच्या ऑफिसात चालवायच्या फाइली वर्षभरात दहा-बारा असतील. वाचायच्या हजारो. त्या दहा-बाराला वेगळा दरवाजा करायचा आणि बाकी सगळ्यांसाठी मॅक्रो बंद. मग क्लार्कला पट्टी बघून त्या क्षणी निर्णय घ्यावाच लागत नाही.

आता हे बसवायचं कसं. आधी विंडोजची एक खूण समजून घ्या. ब्राउझरने किंवा मेलमधून फाइल उतरवली की विंडोज तिला 'बाहेरून आलेली' अशी खूण चिकटवतं. ती फाइलच्या आत नसते, तिच्यासोबत असते. बघायची असेल तर फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि पहिल्याच पानावर तळाशी 'ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि शेजारी 'अनब्लॉक'चा चौकोन. फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की अशी खूण असलेल्या फाइलमधले मॅक्रो यापुढे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, ॲक्सेस आणि व्हिजिओमध्ये मुळातच अडवले जातील. त्या वर्षी ते टप्प्याटप्प्याने लागू झालं, जुलैमध्ये थोडे दिवस मागे घेतलं आणि त्याच महिन्यात पुन्हा सुरू केलं. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नव्या आवृत्तीत पिवळ्याऐवजी लाल पट्टी येते आणि तिच्यावर 'चालू करा' असं बटणच नसतं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या बाबतीत झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

पण ही खूण नाजूक आहे. फाइल पेनड्राइव्हवर घेतली की बहुतेक वेळा पुसली जाते, कारण पेनड्राइव्हवर ती ठेवायची सोयच नसते. विंडोजची स्वतःची झिप उघडायची सोय ती आतल्या फाइलींना लावते, पण बाहेरचे प्रोग्राम लावतीलच असं नाही; सेव्हन-झिपमध्ये तर ती सोय २०२२ मध्ये आली आणि तीही आपण चालू केली तरच. पार्टीने पेनड्राइव्हवर आणून दिलेल्या फाइलला खूण नसेल, लाल पट्टी येणार नाही. आणि तुमच्याकडे 'सगळे मॅक्रो चालू' असल्यामुळे पिवळीही येणार नाही. सरळ चालेल.

इथे एक गोष्ट तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची आवृत्ती कोणती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नवीन आणि अपडेट होणारं ऑफिस असेल तर लाल पट्टी आपोआप मिळते. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज १० चाही त्याच दिवशी. २०१३ चा त्याआधीच, एप्रिल २०२३ मध्ये. आणि क्रॅक केलेलं ऑफिस असेल, जे मला आपल्या भागात अजूनही खूप ठिकाणी दिसतं, तर ते नीट अपडेट होत नाही. शिवाय ते बसवताना विंडोजचं संरक्षण बंद करायला सांगितलेलं असतं, आणि ते पुन्हा चालू करायचं राहून जातं. असं असेल तर खालचं सगळं करण्याआधी तिकडे पैसे घाला. लोकांच्या पॅनचे, आधारचे, बँकेचे कागद तुमच्या मशीनवर आहेत.

आता सेटिंग. एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज. तिथे चार पर्याय आहेत. तुमच्याकडे सगळ्यात खालचा निवडलेला आहे. तो काढा आणि एक्सेलला 'विथ नोटिफिकेशन' म्हणजे विचारून चालू करायचा पर्याय ठेवा. त्याच पानावर एक्सेल ४.० मॅक्रोचा चौकोन असेल तर तो रिकामा असू द्या. ते १९९२ च्या काळातलं जुनं तंत्र आहे. मधल्या काही वर्षांत चोरट्यांनी ते पुन्हा उकरून काढलं होतं. वर्ड आणि पॉवरपॉइंटची सेटिंग वेगळी असते, एक्सेलमध्ये बदललं म्हणून तिकडे बदलत नाही. लोक नेमकं हेच विसरतात. कर सल्लागाराच्या ऑफिसात वर्डमध्ये मॅक्रो लागतो असं मी १८ वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. तिथे सरळ 'विदाउट नोटिफिकेशन' ठेवा, म्हणजे बंद आणि विचारणारही नाही. विंडोजमध्ये एका मशीनवर दोन लॉगिन असतील तर दोन्हींत हे करावं लागेल.

युटिलिटीचं काय करायचं, हाच तुमचा खरा प्रश्न होता, तिथे येतो.

पहिलं म्हणजे युटिलिटी कुठून येते. मला माहीत आहे, तुमच्या तालुक्याचा किंवा असोसिएशनचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असेल. पोर्टल मंद चालतं, म्हणून कुणीतरी एकजण युटिलिटी उतरवून ग्रुपवर टाकतो आणि बाकीचे तिथून घेतात. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्याच्या मशीनवर त्या फाइलला काय झालं हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही, आणि या एकाच फाइलला तुम्ही सगळी दारं उघडून देणार आहात. युटिलिटी फक्त आयकराच्या किंवा जीएसटीच्या पोर्टलवरून घ्यायची, पत्ता स्वतः टाइप करून, जीओव्ही डॉट इन ने संपतो ना ते बघून. गूगलवर शोधून पहिली ओळ दाबायची नाही. रात्री किंवा पहाटे उतरवा, तेव्हा पोर्टल हलकं असतं.

दुसरं, ती एकाच माणसाने, शक्यतो तुम्ही स्वतः, एकाच मशीनवर उतरवायची. झिप उघडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करायचं आणि मग उघडायची. झिपची खूण आधी काढली की आतल्या फाइलींची वेगवेगळी काढावी लागत नाही. ही मूळ प्रत 'मूळ युटिलिटी' अशा फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्या फोल्डरमध्ये बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी द्यायची. प्रत्येक पार्टीसाठी नवी प्रत इथूनच घ्यायची. गेल्या वर्षीची, दुसऱ्या पार्टीची भरलेली फाइल 'सेव्ह ॲज' करून वापरायची नाही. त्यात मॅक्रोचा धोका कमी असला तरी एकाचे आकडे दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये जायचा धोका मोठा, आणि ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

इथे पुष्कळ जण 'ट्रस्टेड लोकेशन' सुचवतील. ट्रस्ट सेंटरमध्येच ती सोय आहे: एखादं फोल्डर विश्वासाचं ठरवलं की त्यातल्या फाइलींचे मॅक्रो पट्टी न दाखवता चालतात. सोयीचं आहे, पण मी सावध असतो. दोन ऑफिसांत मला आख्खा डी ड्राइव्ह विश्वासाचा करून ठेवलेला सापडला आणि एका ठिकाणी डाउनलोड्सचं फोल्डर. म्हणजे पुन्हा तेच, सगळं चालू. चोरट्यांनाही ही पळवाट माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईमोटेटच्या फाइलींमधल्या चित्रावर सूचनाच अशी होती, की ही फाइल ऑफिसच्या टेम्पलेट्स फोल्डरमध्ये कॉपी करून तिथून उघडा. ते फोल्डर ऑफिस आधीपासूनच विश्वासाचं धरतं. म्हणून तुम्हाला ट्रस्टेड लोकेशन करायचंच असेल तर युटिलिटीच्या कामाचं एकच लहान फोल्डर करा, उपफोल्डरची परवानगी देऊ नका, आणि एकच नियम भिंतीवर लावा: पार्टीची कुठलीही फाइल या फोल्डरमध्ये ठेवायची नाही. स्टाफ हा नियम पाळेल की नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शंका असेल तर ट्रस्टेड लोकेशन नको, एक-एक फाइल अनब्लॉक करणंच बरं.

पाच मशीन आहेत तर मी आणखी एक करीन. युटिलिटीचं काम दोनच मशीनवर ठेवा आणि त्या दोनवर मेल उघडायची नाही. बाकी तीनवर एक्सेलमध्येही 'विदाउट नोटिफिकेशन'. माझ्या एका सीए साहेबांनी हे केलं तेव्हा स्टाफ आठवडाभर कुरकुरला, मग सवय झाली. त्या दोन मशीनना त्यांनी हिरवी चिकटपट्टी लावली आहे. 'हिरव्या मशीनवर कर' एवढं म्हटलं की कुणाला मॅक्रो हा शब्दसुद्धा माहीत असायची गरज नाही.

पार्टीकडून येणाऱ्या फाइलींबद्दल. विंडोजमध्ये फाइलचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसत नसेल तर ते आजच दिसतं करा. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये आहे. २००७ पासून शेवटी 'एक्स' असलेल्या फाइलीत, एक्सएलएसएक्स किंवा डॉकएक्स, मॅक्रो ठेवता येत नाही. शेवटी 'एम' असेल तर ठेवता येतो. जुन्या एक्सएलएस आणि डॉक फाइलीत ठेवता येतो आणि बाहेरून ते कळत नाही. एक्सएलएसबीतही ठेवता येतो. म्हणून सगळ्या पार्ट्यांना एकदाच सांगून टाका: आम्ही पीडीएफ, सीएसव्ही किंवा एक्सएलएसएक्सच घेतो. 'एम' आलं तर परत पाठवायचं. 'एक्स'वालीही अगदी शंभर टक्के निर्धोक नाही. वर्डची अशी फाइल उघडताना नेटवरून दुसरी मॅक्रोवाली टेम्पलेट ओढून आणू शकते. पण वर्डमधले मॅक्रो पूर्ण बंद असतील तर तिथेच अडतं.

बँकांच्या साइटवरून उतरवलेलं स्टेटमेंट एक्सएलएस म्हणून मिळतं आणि उघडताना एक्सेल म्हणतं, फाइलचा प्रकार आणि शेपूट जुळत नाही. ही मॅक्रोची सूचना नव्हे. बऱ्याच बँका आत साधा वेबपानाचा तक्ता ठेवून त्याला एक्सएलएस नाव देतात, त्यामुळे ती येते. तुम्ही स्वतः बँकेत लॉगिन करून उतरवली असेल तर ठीक. मेलमधून आलेल्या फाइलीला ही सूचना आली तर थांबा आणि पार्टीला फोन करा, मेलला उत्तर देऊ नका. मेलबॉक्सच चोरलेला असेल तर उत्तर चोरच देईल.

जुनी एक्सएलएस बघायचीच आहे आणि शंका आहे, तर ऑफिसच्या गूगल खात्यावर चढवून शीट्समध्ये उघडा, किंवा मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये. दोन्हीकडे हे मॅक्रो चालत नाहीत. आकडे दिसले की काम झालं. आकडे न दिसता 'हे दाबा, ते दाबा' सांगणारं चित्र दिसलं तर उत्तर मिळालं. आणि स्टाफला हे नक्की सांगा: जी फाइल एका मशीनवर उघडत नाही ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची नाही. तुम्हाला किंवा मला फोन करायचा. माझ्या अनुभवात नुकसान दुप्पट होतं ते या एका सवयीने.

अँटिव्हायरस हवाच, पण तो एकटा पुरत नाही. तो ओळखीचे मॅक्रो पकडतो आणि २०१८ पासून ऑफिस चालू मॅक्रोचं वागणंही त्याला दाखवू शकतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं आहे. पण आज सकाळी नव्याने लिहिलेला मॅक्रो दुपारपर्यंत कुणाच्याच यादीत नसतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर वापरत असाल आणि विंडोज प्रो असेल तर तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला सांगून एक नियम चालू करून घ्या: ऑफिसच्या प्रोग्रामना दुसरा प्रोग्राम सुरू करू द्यायचा नाही. एक्सेलने पॉवरशेल सुरू करणं हे कुठल्याच खऱ्या हिशेबाचं काम नव्हे. आधी हिरव्या मशीनवर युटिलिटी चालवून बघा, काही अडत असेल तर तिथे नियम फक्त नोंद ठेवण्यापुरता लावा.

मॅक्रोचं दार बंद होत गेलं तसे चोरटे दुसरीकडून यायला लागले, हेही खरं. २०२३ च्या सुरुवातीला वननोटच्या (मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या प्रोग्रामच्या) फाइली आल्या, झिपच्या आत शॉर्टकट यायला लागले, डिस्क इमेज यायला लागल्या. 'वाचायची की चालवायची' हा प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो. बिल वननोटमध्ये कोण पाठवतं?

एवढं सगळं करूनही कधीतरी कुणीतरी दाबेल. तेव्हा किती जाईल, हे आजच ठरतं. टॅलीचं आणि पार्ट्यांच्या कागदांचं शेअर फोल्डर पाचही मशीनना पूर्ण अधिकाराने दिलेलं असणार. गेल्या वर्षांचं सगळं 'फक्त वाचायचं' करा, चालू वर्षाचं ज्याला लागतं त्यालाच लिहायला द्या. रोजचं लॉगिन ॲडमिनचं नको. दोन बॅकअप डिस्क घ्या, एक आड एक दिवस वापरा, काम झालं की काढून कपाटात, आठवड्यातून एकदा एक घरी. जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, ती त्याच मशीनचा भाग असते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली टॅलीची एक कंपनी, म्हणजे एका पार्टीचे हिशेब, परत उघडून बघा. आणि पार्ट्यांचे डीएससी टोकन, म्हणजे त्यांची डिजिटल सही असलेले यूएसबी. दिवसभर यूएसबीला लावून ठेवायची पद्धत मोडा. मशीन दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आणि टोकन लावलेलं असेल, तर पिन टाइप होताना वाचता येतो आणि पार्टीच्या नावाने सही होऊ शकते. सही झाली की काढायचं, कुलपात ठेवायचं, पिन टोकनवर चिकटवायचा नाही.

दाबलं गेलंच तर पहिल्या मिनिटात नेटवर्कची वायर काढायची, वायफाय बंद, सर्व्हरचीही वायर काढायची. मशीन बंद करायची किंवा फॉरमॅट मारायची घाई नको, काय झालं ते बघायला लागेल. बँक, मेल आणि पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलायचे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते. छोट्या ऑफिसांना हे माहीतच नसतं, म्हणून सर्ट-इनचा पत्ता आणि फोन छापून ठेवा. आणि ज्याने दाबलं त्याच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी तो दुपारी ३ ला झालेलं संध्याकाळी ७ ला सांगेल, आणि त्या चार तासांतच फोल्डर जातं.

सगळं एका दिवसात होणार नाही. उद्या सकाळी स्टाफ येण्याआधी पाचही मशीनवर एक्सेल आणि वर्डची मॅक्रो सेटिंग बदला, अर्धा तास लागेल. त्याच वेळी प्रत्येक मशीनवर ट्रस्टेड लोकेशनची यादी उघडून बघा. आधीच्या माणसाने सगळं चालू केलं होतं म्हणजे तिथेही काही ठेवलेलं असायची शक्यता आहे. डेस्कटॉप, डाउनलोड्स किंवा आख्खा ड्राइव्ह दिसला तर काढून टाका. संध्याकाळी बॅकअपची डिस्क सर्व्हरपासून सोडवा. हिरवी मशीन, फोल्डरचे अधिकार, पार्ट्यांना निरोप हे पुढच्या पंधरवड्यात. ऑफिसची आणि विंडोजची आवृत्ती मला कळवा. ऑफिसची आवृत्ती एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट या पानावर लिहिलेली असते. लाल पट्टी तुम्हाला आपोआप मिळते आहे की पॉलिसीतून लावावी लागेल, ते त्यावरून सांगता येईल.